ऊन तापलं की घरात, पाणी आलं की बाहेर: हा स्वभाव की त्रास?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माहेर रत्नागिरीचं, लग्नानंतर काही वर्षांपासून नागपुरात, त्रिमूर्तीनगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर घर. होळी झाली की तुम्ही खिडक्या-पडदे लावून घेता आणि मृग लागेपर्यंत शक्यतो बाहेर पडत नाही. भाजी, दळण, लग्नाकार्याचं बोलावणं, सगळं टाळता. पाऊस सुरू झाला की मात्र तुम्हाला घरात बसवत नाही, स्कूटी काढून फुटाळा तलावावर निघता. तेव्हा यजमान आणि सासूबाई दार लावून बसतात. सासूबाई उन्हाळ्यात म्हणतात, "ऊन काय आजच पडून राहिलं का? आम्ही काय कामं केली नाहीत?" आणि पावसात म्हणतात, "एवढं पाणी येऊन राहिलं, कशाला जातेस बाहेर?" यजमानांना वाटतं की तुम्हाला त्यांच्यासोबत यायचंच नसतं. आणि आता आठ वर्षांची मुलगीही 'बाहेर गरम आहे' म्हणून संध्याकाळी खाली खेळायला उतरत नाही. हा स्वभाव आहे, आळस आहे की मानसिक त्रास, आणि स्वतःवर जबरदस्ती करावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं नागपुरात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. मार्च ते जून या काळात हा विषय या ना त्या रूपात ओपीडीत येतोच: कुणाची चिडचिड, कुणाची झोप, कुणाच्या घरातली भांडणं. तुम्ही फेब्रुवारीतच विचारलंत हे फार बरं झालं. मे महिन्यात विचारलं असतं तर यातलं अर्धं करायची वेळ निघून गेलेली असती.

आळस हा शब्द आधी काढून टाकू. आळशी माणूस सगळ्या ऋतूंत आळशी असतो. भर पावसात रेनकोट चढवून निघणाऱ्या बाईला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे, आणि सासूबाईंना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

हवामानाची आवड-नावड खरीच असते. नेदरलँड्समध्ये थिओ क्लिमस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या आया यांच्या रोजच्या मनःस्थितीच्या नोंदी त्यांनी त्या-त्या दिवसाच्या हवामानाशी ताडून पाहिल्या. त्यातून चार तऱ्हेची माणसं समोर आली. काहींना ऊन-उबारा मानवतो, काहींना तोच नकोसा होतो, काहींना पाऊस उदास करतो, आणि जवळजवळ निम्म्या माणसांच्या मनावर हवामानाचा म्हणण्यासारखा परिणाम होतच नाही. तुमच्या घरात या चौघांपैकी किमान दोघं एका छताखाली राहतात, एवढाच याचा अर्थ. त्यात कुणी चुकीचं नाही. याच अभ्यासात असंही दिसलं की काही गटांत आईची आणि मुलाची तऱ्हा सारखी असते. ते रक्तातून येतं की आईला बघून, हे त्यातून ठरत नाही. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत हा मुद्दा मी पुन्हा घेणार आहे.

मात्र तिकडचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डच लोकांना जो उन्हाळ्याचा सुखद दिवस वाटतो तो साधारण आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या दुपारसारखा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी सोनेगावच्या वेधशाळेत ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असणं ही इथली रोजची गोष्ट. असं ऊन टाळावंसं वाटणं ही शरीराची शहाणी सूचना आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४५ ला पोचलं की हवामान खातं ती उष्णतेची लाट धरतं, आणि अशा दिवशी दुपारी कुणी घरात बसलं तर त्याला नावं ठेवणाऱ्यालाच समज द्यावी लागेल. सासूबाईंच्या पिढीने उन्हात कामं केली हे खरं. पण त्यांनाही दुपारी वाळ्याच्या ताट्यांमागे अंधार करून झोपताना, जाताना पदराला कांदा बांधताना आणि आल्यावर आधी गुळाचा खडा तोंडात टाकून मग पाणी पिताना त्यांच्या सासूबाईंनी पाहिलं असेलच. ऊन सोसणं म्हणजे उन्हाला न जुमानणं, असा त्या पिढीचा खाक्या कधीच नव्हता. दिवसाची कामं उन्हाच्या कलाने लावायची, हा होता.

आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. तुम्ही ऋतू बघून घरात बसता. नागपुरात तास बघून बसायला हवं.

मे महिन्यातला एक दिवस घ्या. साडेपाचच्या सुमारास उजाडतं. त्या वेळी पारा तिशीच्या आत-बाहेर असतो, कडुलिंबाखालून चालताना हवा अंगाला लागते, सेमिनरी हिल्स आणि महाराजबागेकडे फिरणाऱ्यांची गर्दी असते, गोकुळपेठेत भाजीवाल्यांनी गोणपाट ओलं करून भाजीवर टाकलेलं असतं. साडेसात-आठपर्यंत ठीक. नवानंतर ऊन चावायला लागतं. अकरापासून दुपट्टा बांधल्याशिवाय दुचाकी चालवता येत नाही. पारा सगळ्यात वर जातो तो बारा वाजता नाही, तीन-साडेतीनला, आणि पाचपर्यंत तो फारसा उतरत नाही. पेपरात दुसऱ्या दिवशी जो आकडा छापून येतो तो या वेळेचा. तुम्ही तो आकडा वाचून सकाळी सहाच्या फेरीवर फुली मारता. मोबाईलचं तर विचारूच नका. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राचा ५६ अंशांचा आकडा दिवसभर फोनाफोनी फिरत होता. तो उपकरणातल्या दोषामुळे आला होता असं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. तोवर कितीतरी घरांत संध्याकाळचे बेत रद्द झाले होते. दिवसाच्या एका आकड्यावर पूर्ण दिवस सोडून देण्याची सवय या फोनमुळे आणखी पक्की झाली आहे.

आता तोच दिवस, रात्रीचे आठ. तुमचं घर सगळ्यात वर आहे. दिवसभर स्लॅबने आणि पश्चिमेच्या भिंतीने जे ऊन पिऊन घेतलं ते आता खोलीत सोडायला सुरुवात झालेली असते, आणि ते मध्यरात्रीपर्यंत चालतं. हॉलच्या भिंतीला तळहात लावून बघा. पलंगाची गादी उलटी करून बघा, खालची बाजूही कोमट लागेल. त्याच वेळी खाली सोसायटीच्या आवारात वारा सुटलेला असतो, कुणी पाणी मारलेलं असतं, म्हाताऱ्या बाया खुर्च्या टाकून बसलेल्या असतात. म्हणजे त्या घटकेला घर हीच जास्त गरम जागा असते, आणि तुम्ही गरम व्हायला नको म्हणून तिथे बसून आहात! कूलर लावला तरी खिडक्या बंद असतील तर दमट हवा आतच फिरते आणि तासाभरात खोली कोंदट होते. कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडं हवं, त्याला हवा बाहेर काढायला वाट हवी. हे नागपूरकर लहानपणापासून बघतात. कोकणातल्या माणसाला कुणी सांगत नाही.

तुम्ही कोकणातून आलात याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो मनाचा नसून शरीराचा आहे. घाम आपल्याला गार करतो तो माठासारखा: पाणी झिरपून वाळलं तरच आतलं गार होतं. रत्नागिरीत हवा दमट, घाम वाळत नाही, अंगावरून ओघळतो, पण तो दिसतो, आणि दिसतो म्हणून माणूस पाणी पितो. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत घाम सुटल्या सुटल्या वाळतो. अंग कोरडं राहतं, 'मला तर घामच आला नाही' असं वाटतं, आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं. तुमच्या पत्रात लग्नाहून आल्यावर दोन दिवस पडून राहिल्याचं लिहिलं आहे, ते मला असंच वाटतं. इथे तहानेवर विसंबू नका; लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडतंय समजा. पन्हं, मठ्ठा, लिंबू-मीठ-साखर, जे आवडेल ते घ्या, पण निघण्याआधी घ्या.

आणि ऊन अंगवळणी पडणं ही खरोखर घडणारी गोष्ट आहे. रोज थोडा वेळ गरम हवेत हालचाल होत राहिली तर एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, तेवढ्याच कामाला छाती कमी धडधडते. काही आठवडे पूर्ण गारव्यात काढले की ही तयारी मोडते. यजमान रोज दुचाकीवर कामाला जातात, त्यांचं शरीर मार्चपासून आपोआप तयार होत जातं. तुमचं होत नाही, कारण तुम्ही होळीलाच दार लावता. मग एप्रिलच्या शेवटी एखादं टाळता न येणारं लग्न निघतं, भर दुपारी एक वाजता लॉनवर जेवायला जावं लागतं, तयार नसलेलं शरीर कोसळतं, आणि 'मला ऊन सोसतच नाही' ही समजूत आणखी घट्ट होते. पुढच्या वर्षी दार आणखी आठ दिवस आधी लागतं. दर वर्षी हेच फिरतं. तुमची नावड खरी आहे, पण ती एवढी मोठी झाली आहे ती या फेऱ्यामुळे.

आता मनाकडे येतो. पडदे लावलेल्या तीन महिन्यांत तुम्ही उन्हाबरोबर उजेडही बंद करता. लक्स या उजेड मोजायच्या एककात सांगायचं तर दिव्याच्या उजेडात आपला हॉल दोन-तीनशे लक्स उजळतो, पडदे ओढून दिवा न लावलेली खोली त्याहून कितीतरी कमी. बाहेर ढगाळ दिवशीही दहा हजारांच्या आसपास, आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात. आपल्या मेंदूतलं झोप-जागेचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लावलं जातं. सर्वांत लख्ख ऋतूत नागपूरच्या बायका सर्वांत कमी उजेडात राहतात, आणि मग मे महिन्यात रात्री एक-दोनपर्यंत झोप नाही, सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड, अशा तक्रारी घेऊन येतात. त्यातला बराच भाग उकाड्याचा असतो, तो मी नाकारत नाही. पण पहाटेचा तासभर उजेड मिळू लागला की अनेकींना एका पंधरवड्यात रात्री लवकर झोप येऊ लागते. औषधाच्या आधी मी हेच लिहून देतो.

मॅथ्यू केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. हवा छान झाली म्हणून सगळ्यांचं मन प्रसन्न झालं नाही. वसंतातल्या चांगल्या हवेचा फायदा बाहेर वेळ घालवणाऱ्यांना झाला. आणि उन्हाळ्यात तापमान वाढलं तशी मनःस्थिती खालावलेली दिसली. आपल्याकडे लावायचं तर, आपला 'वसंत' कॅलेंडरवर शोधू नये. मे महिन्यातही तो रोज पहाटे दीड-दोन तास असतो.

स्वतःवर जबरदस्ती करावी का? दुपारच्या उन्हाच्या बाबतीत अजिबात नाही. पहाटे आणि संध्याकाळी सातनंतर मात्र थोडी करा. कारण दारात उभं राहून 'जाऊ की नको' विचारलं तर मन जवळपास नेहमी 'नको' म्हणतं, आणि ते चुकीचा अंदाज करत असतं. कॅनडात ओटावा इथे एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी काही विद्यार्थ्यांना झाडांतून आणि काहींना इमारतींखालच्या भुयारी वाटेने थोडं चालायला पाठवलं. झाडांतून जाणाऱ्यांनी आधी जेवढा आनंद मिळेल असं वाटलं म्हणून सांगितलं होतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त मिळाला. म्हणून निर्णय दारात घ्यायचाच नाही. रात्री झोपताना ठरवायचं, चपला आणि पाण्याची बाटली दाराशी ठेवायची, सकाळी विचार न करता निघायचं. उदास रुग्णांनाही आम्ही हेच शिकवतो: मन लागलं की करू, असं म्हणायचं नाही, आधी करायचं, मन मागून येतं.

होळीपासून काय करायचं ते सांगतो. सकाळी सहा-साडेसहाला घराबाहेर, मुलीला घेऊन, निदान अर्धा तास. त्रिमूर्तीनगरच्या आतल्या गल्ल्या पुरेशा आहेत, कुठे गाडी काढून जायची गरज नाही. मार्चमध्ये आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी नऊच्या सुमारास, दुपट्टा बांधून, जवळचं एखादं काम पायी करून या. मार्चचं ऊन अजून मवाळ असतं, शरीराला शिकवण्यासाठी तोच महिना. एप्रिलपासून नवाचं साडेसात करा. भाजी सकाळच्या बाजारातून. दळण संध्याकाळी. नवतप्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण २५ मेपासून पुढचे नऊ दिवस, दुपारचं बोलावणं सरळ नाकारा आणि रात्रीच्या रिसेप्शनला जा. कुणीही समजूतदार नागपूरकर वाईट वाटून घेणार नाही. शहरात लांब जायचं असेल तर मेट्रो आहे. आणि रात्री जेवण झालं की, भिंती तापलेल्या असताना, तासभर खाली उतरा. रामनवमीच्या शोभायात्रेला एप्रिलच्या उकाड्यात सगळं शहर रस्त्यावर असतं, ते सूर्य कलल्यावरच.

मुलीचं जास्त मनावर घ्या. तिने 'बाहेर गरम आहे' हे वाक्य तुमच्याकडून घेतलं आहे, तिच्या शरीराचा अनुभव अजून तसा नाही. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी लांब असते. ती सगळी सुट्टी पडद्याआड, मोबाईलसमोर गेली तर डोळ्यांवर त्याचा परिणाम होतो. दिवसाच्या उजेडात रोज दीड-दोन तास बाहेर असणाऱ्या मुलांमध्ये लांबचं धूसर दिसून मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी राहतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पक्कं झालं आहे. सकाळचा एक तास आणि सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास सावलीत खेळली तरी बरंच झालं. तिच्यासमोर हवामानाबद्दल तक्रारीचा सूर काढू नका. 'आता ऊन आहे, सहाला उतरू' असं वेळ घालून सांगा. बाहेर जाणं बंद नाही, पुढे ढकललं आहे, हे तिच्या कानावर रोज पडू द्या.

सासूबाईंच्या पावसाबद्दलही दोन शब्द, कारण त्यांचं न पटणं तुम्ही 'उगीच' म्हणून सोडून दिलं आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. लोक झोपेतून उठले ते गुडघाभर पाण्यात. त्यानंतर रात्री पाऊस वाढला की उठून बसणारी, गॅलरीतून सारखं खाली बघणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यातली कितीतरी वरच्या मजल्यांवर राहणारी होती. सासूबाईंचं कुणी त्या रात्री अडकलं होतं का, हे विचारून बघा. शिवाय त्यांच्या वयात ओल्या फरशीवर घसरून पडण्याची भीती रास्त आहे, आणि विदर्भात पावसाआधी कडकडणारी वीज काही कोकणातल्या संथ झडीसारखी नसते. वीज चमकत असताना फुटाळ्याच्या काठावर मोकळ्यात उभं राहणं धोक्याचं आहे. इथे त्यांचंच ऐका, ती सर ओसरू द्या. तुम्हाला जसा उन्हाचा त्रास, तसा त्यांना पावसाचा. एवढं एकमेकींना म्हटलं गेलं तरी घरातला निम्मा ताण उतरेल.

यजमानांशी बोलताना हवामान आणि सोबत या दोन गोष्टी वेगळ्या करा. मला दिसतं ते असं: ते मे महिन्यात संध्याकाळी पाचला 'चल, बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन येऊ' म्हणतात, तुम्ही 'नको' म्हणता, आणि त्यांना ऐकू येतं 'तुमच्यासोबत नको'. नुसतं 'नको' म्हणू नका. 'पाचला नको, आठला चला' म्हणा. नकारासोबत वेळ आला की तो नकार राहत नाही. बदल्यात जुलैत एखाद्या रविवारी त्यांनी छत्री घेऊन तुमच्यासोबत निघावं, तक्रार न करता. जोडप्यांना मी हे ठरवून घ्यायला लावतो आणि ते साधत आलं आहे. आवड एकसारखी व्हायची वाट बघत बसू नये.

काही गोष्टींत मात्र मी सल्ला बदलतो. घरात कुणी मनोविकाराची औषधं घेत असेल तर उन्हाळ्यात बाहेर पडण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. लिथियम चालू असताना शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातली त्याची पातळी वाढते. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दाखवायचं. अशा माणसाने डोकं दुखतं म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये, तिनेही ही पातळी वाढते. थरथर कमी करण्यासाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल आणि मानसिक आजारांवरची काही औषधं घाम कमी करतात. त्या माणसाचं शरीर तापतं पण गार होत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्या ज्येष्ठांचंही तसंच. यातलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करायचं नाही. आणि उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा: सावलीत घ्या, अंगावर पाणी ओतत पंखा लावा, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि १०८ ला फोन करा.

शेवटी तुमचा मूळ प्रश्न, हा मानसिक त्रास आहे का. मी याची एकच कसोटी लावतो. आवडती हवा आली की माणूस बाहेर पडतो का? तुम्ही पावसात पडता, म्हणून तुमच्याबाबतीत मला आज तरी आजार दिसत नाही. नैराश्य असतं तर पहिल्या पावसालाही खिडकी उघडावीशी वाटली नसती. ऋतूशी बांधलेलं नैराश्य असतं हे खरं. नॉर्मन रोझेन्थल यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यातल्या प्रकाराचं वर्णन केलं, आणि त्यानंतर उन्हाळ्यात येणारा प्रकारही नोंदला गेला, ज्यात झोप आणि भूक दोन्ही उडतात आणि माणूस बेचैन होतो. फरक एवढा की त्यात घरातही काही गोड लागत नाही. उन्हाळ्यात पडद्याआड बसून तुम्ही वाचता, शिवणकाम करता, लोणच्या-पापडांत रमता की नुसत्या छताकडे बघत पडून राहता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रमत असाल तर काळजी नको. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, वजन उतरत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर उन्हाळा संपायची वाट न बघता दाखवा. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही: हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत, संत्र्यांच्या दिवसांत, दुपारी गच्चीवर ऊन खायला अख्खं नागपूर बसलेलं असतं तेव्हा तुम्ही कुठे असता? तेव्हाही पडदे लागलेले असतील आणि बाहेर न जायला वेगळी कारणं सापडत असतील, गर्दी, ओळखीचं कुणी नाही, बोलीची चेष्टा होते, असं काही, तर मग प्रश्न हवेचा नाही, परक्या शहरात रुजण्याचा आहे, आणि त्याचा उपाय वेगळा आहे. तेवढं कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.